भरलेला कोळसा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून आईच्या जागेवर मी! मेक्सिकोतल्या आमच्या पाचुका शहराच्या इस्पितळात युनियनचा रिवाजच आहे, आई गेली की तिची नोकरी लेकीला. प्रयोगशाळा तळघरात, पण लख्ख. कोटावर माझं नाव आधीच शिवून ठेवलेलं, ओदिलिया. आईचे जुने सोबती उबाल्दो मास्तर मक्याच्या पिठाचे गरमागरम तमाल घेऊन आले. म्हणाले, तुझी आई दिवसभर बडबडायची, तू मुकी निघालीस तर युनियनकडे तक्रार करीन हं! खूप दिवसांनी पोटभर हसले.

१० फेब्रुवारी
मास्तरांनी आज काचेची पेटी समजावून दिली. तपासणीला आलेले, फॉर्मेलिनच्या विषारी द्रावात टिकवलेले रुग्णांच्या मांसाचे तुकडे तिच्यातच कापायचे. तिला धुराडं नाही. पंखा हवा ओढतो, वरचा कोळशाचा फिल्टर विष धरून ठेवतो आणि स्वच्छ हवा खोलीत परत येते. कोळसा विष मारत नाही, नुसतं धरतो. भरला की सोडायला लागतो, तेव्हा बदलायचा. हवेतलं विष मोजायचं यंत्र बिघडलंय आणि मास्तरांचं नाक फॉर्मेलिननं कधीच मेलंय. म्हणून दर सोमवारी मी हुंगून सांगायचं. पोरी, तुझ्या नाकावर आपला जीव, असं म्हणत त्यांनी माझं नाक चिमटलं. नवा फिल्टर कपाटात आहे.

२४ फेब्रुवारी
आज वास आला. फॉर्मेलिनचा, झोंबणारा. आणि त्याच्यामागून संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा. आई शेवटपर्यंत मानेला लावायची, तेच. घरातल्या तिच्या कपड्यांना आता कसलाच वास उरलेला नाही.
मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. मग मोरीत जाऊन रडले. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं.

३ मार्च
आईचे वास उलटे परत येतायत, शेवटचे आधी. त्या फुलांच्या पाण्यामागून तिच्या आजारपणातली औषधं, घाम. मग मक्याच्या रोट्या भाजून आलेल्या हातांचा वास. आज दूध — मी तान्ही असतानाचं. फिल्टर तर दोनच वर्षांचा आहे. हे त्याच्यात आलं कुठून?
मास्तरांचे डोळे लाल झालेत, खोकला थांबत नाही. वय झालं गं, म्हणाले, फिल्टर ठीक आहे ना? मी हो म्हटलं.

१० मार्च
आज वास नाही. श्वास. गरम, धापा टाकणारा, शेवटच्या रात्री होता तसा. पंखा बंद होता —

१२ मार्च
मास्तर जिन्यात कोसळले. वरच्या वॉर्डात आहेत. शुद्धीवर आल्या आल्या मलाच म्हणाले, तू खाली जाऊ नकोस पोरी, हवा वाईट असेल, मला मेल्याला कळत नाही.
देवा. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

१३ मार्च
नवा फिल्टर बसवला. पंखा चालू केला. खोलीत आता कसलाच वास नाही.
जुना पिशवीत घालून मांडीवर घेतलाय. पिशवीचं तोंड बांधायचं राहिलंय. बांधलं की आई गेली, पुन्हा. एकदाच तोंडाशी धरते —

गरम आहे. मी ओढते तसा तो सोडतोय. आई खोकतेय. नाही — मी खोकतेय. डोळ्यांना अक्षरं दिसत —

ती म्हणतेय, पुरे बाळा, बाजूला हो, ही हवा वाईट —
ऐकतेय गं. एकच अजून, आई, एकच श्वा