हळदीनं रंगवलेला मॅप

२ एप्रिल १८६६
चांदूरला रेल्वेचं स्टेशन होत आहे. तिथपर्यंत कापसाच्या गाड्यांसाठी नवा रस्ता येतो. आमच्या गावातून तो कुठून न्यायचा, हे ठरवायला गावानं एक पंच निवडायचा, असा तहसिलीचा हुकूम. घरामागे एक मत. उभे दोघं : मी खुशालराव आणि नाल्याकाठचा सहदेव माळी. मी झालो तर रस्ता माळ्यांच्या वाफ्यांतून. तो झाला तर माझ्या थोरल्या वावरातून! कापसाचा भाव उतरला म्हणतात, पण पुन्हा चढेलच.

संकल्प : आजपासून शुद्ध लिहायचं. साहेबलोकांत उठणं-बसणं होणार.

४ एप्रिल
मागे सर्व्हेवाल्यांची साखळी एक दुपार धरली होती. तेवढ्यात मॅपची विद्या आली. मोठा कागद घेऊन गावाचा मॅप काढला. माझ्या बाजूच्या लोकांची वावरं हळदीनं रंगवली, सहदेवकडची निळीनं. कागद पिवळाधमक! नाल्याकाठी तेवढी एक निळी चिंधी. इलेक्शन जिंकल्यात जमा.

५ एप्रिल
बायको भांडली. मैनाबाई म्हणे, वर्षाची हळद कागदाले चोपडली, आता भाजीत काय टाकू, तुमचं पंचपण? शेजारच्या घरात वेगळा राहणारा धाकटा भाऊ चंद्रभान मॅप पाहून म्हणाला, दादा, वावरं काय उठून मत द्याले येतीन? त्याला मॅपातलं कळत नाही.

७ एप्रिल
त्याचं तोंड बंद करायला दुसरी पद्धत. त्याच मॅपवर घरामागे एक सरकी ठेवली. हळदीवर माझ्या सरक्या ऐसपैस बसल्या. निळ्या चिंधीत मात्र मावेनात, कागदाबाहेर सांडल्या. सरकीच खराब. माझ्या आणखी लांब-लांब मांडल्या, मग छान दिसलं. मजुरांना वावर नाही, म्हणून मॅपवर जागाही नाही. ते सोडून दिले.

९ एप्रिल
तिसरी पद्धत, सगळ्यात शास्त्रीय. गावभर फिरलो. जो हसून राम राम करील तो आपला. सगळ्यांनी केला! सहदेवनं तर दोन्ही हात जोडून केला. त्याच्या घरावरही हळदीचा बारीक ठिपका दिला. अमरावतीहून जरीचा फेटा मागवला.

११ एप्रिल
आज मतं. माझे लोक लिंबाखाली, सहदेवचे चिंचेखाली बसायचे. माझे हळदवाले सगळे कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात! येताना माझा फेटा आणतीन म्हणे. चिंचेखाली माळी, मजूर, पाय ठेवाले जागा नाही, लोक उन्हात बसून. लिंबाखाली मी, आमचे व्याही वामनराव अन् त्यायचे बैल. चंद्रभान चिंचेखाली! कावून रे, म्हटलं. म्हणे, दादा, इकडं सावली होती. लबाड! मंग वामनराव पाणी प्याले गेले अन् तिकडंच बसले. व्याही गेले, बैल राहिले.

शुद्ध लिहिणं उद्यापासून.

१३ एप्रिल
फेटा आला.

नवा पंच सहदेव पण आला, संग रस्त्याचा इंजिनियर साहेब. मैनाबाईसाठी मळ्यातली हळद आणली होती, ती लगेच हसली. सहदेव म्हणे, भाऊ, गावाचा मॅप फक्त तुमच्यापाशी हाये. बरं वाटलं. शेवटी विद्येची कदर झाली. फेटा बांधून मॅप साहेबापुढं ठेवला. साहेब लय वेळ पाहत होता. म्हणे, हा पिवळा भाग मोठा हाये, सलग हाये, रस्ता इथूनच. माझ्याच बोरूनं थोरल्या वावराच्या मधातून रेघ ओढली. जीव जळून राहिला.

जाताना सहदेव म्हणे, भाऊ, तुमचा मॅप नसता तर आमचं कठीण होतं. अन् हसून, दोन्ही हात जोडून राम राम केला.

म्या बी केला. दुसरं काय करता?