मोठ्या अक्षरांचा फोन

द्वारका, दिल्ली, मंगळवार, संध्याकाळ

युक्तिवाद निर्दोष वाटला होता. तरीही तो करायला नको होता.

स्वतःच्या जबाबदारीवर केलेले प्रज्ञाचे हे पहिलेच ॲप. रविवारी ती गुरुग्रामहून आली आणि लॅपटॉपला फोन जोडून तिने मला चाचणी दाखवली. प्रोग्राम प्रत्येक बटण त्याला दिलेल्या नावाने शोधतो, दाबतो, आणि पडद्यावर अपेक्षित तेच उमटले का हे ताडून पाहतो. माणसाचा हात कुठेही लागत नाही. मग म्हणाली, "बाबा, आता तुमच्या फोनवर तासभर वापरून बघा ना. मी बसते शेजारी."

मी म्हणालो, "यंत्राची तपासणी पूर्ण असेल तर मी अनावश्यक, अपूर्ण असेल तर आधी यंत्र सुधार."

"झालं यांचं लेक्चर सुरू!" ती हसली. पण पुन्हा म्हणाली नाही.

आज ॲप लोकांच्या हाती गेले आणि तक्रारी आल्या. फोनमध्ये अक्षरे मोठी ठेवली की 'पुढे' हे बटण पडद्याच्या खालच्या कडेबाहेर जाते. चाचणीतले सगळे फोन नेहमीच्या अक्षरांचे होते. माझ्या फोनची अक्षरे मोठीच असतात. पहिल्या मिनिटात दिसले असते. ऑफिसात बोलणी मात्र तिने खाल्ली.

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, आणि दोनच पर्याय मांडले. मुलीला नुसते शेजारी बसायचे असेल, हे का सुचू नये?

आत्ता फोन केला. "या रविवारी ये. तासभर बसू."

"नको बाबा," ती म्हणाली, "मोठ्या अक्षरांचीही टेस्ट लिहून टाकली. आता ते आपोआप होतं."