आग्नेल मास्तरांच्या सवालाला माझा जवाब

भैंसा, २४ सप्टेंबर १९५६, सोमवार

मास्तर वारून महिना झाला. आज दिवेलागणीला त्यांनी पुन्हा वाजवलं. म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मागच्या त्यांच्या बंद खोलीतून ट्रंपेट ऐकू आलं. ट्रंपेट मात्र माझ्या घरी, पेटीत, कुलपात, त्यांच्याच काळ्या कोटात गुंडाळलेलं. पेटी उघडून पाहिली. तोंडाला लावायची बाजू कोमट लागली. माझ्या हाताची ऊब असेल. घाबरलो नाही. फक्त तांब्याभर पाणी प्यायलो.

२५ सप्टेंबर

आग्नेल मास्तर गोव्याचे. तरुणपणी मुंबईच्या एका बड्या हॉटेलात वाजवायचे. तिथं अमेरिकेहून काळे वादक आले होते. त्यांच्या देशात त्यांना पुढच्या दारानं आत घेत नसत, आणि इथं साहेबलोक उभं राहून टाळ्या वाजवत. त्यांच्या शेजारी बसून मास्तर जॅझ शिकले. मग सिकंदराबादच्या क्लबात डान्स बँड. पोलीस ॲक्शन झाली, साहेब गेले, नवाबांच्या पार्ट्या गेल्या, बँड फुटला. मास्तर एका लग्नात वाजवायला भैंशाला आले आणि राहिलेच. आमच्या बँडला त्यांनीच वळण लावलं. वरातीत वाजवतो ती सिनेमाची गाणीही म्हणे गोव्याच्या पोरांनीच बसवलेली. नीट ऐकलं तर आत जॅझच आहे.

आजारपणात मला म्हणाले, उद्धव, ट्रंपेट तू ठेव, तुझ्याकडे पेटी आहे. वारस नेमणं म्हणतात ते हेच.

२८ सप्टेंबर

आज नीट ऐकलं. मास्तर एक तुकडा वाजवतात आणि थांबतात. मग परत तोच. कोणी काही बोलेल म्हणून वाट पाहिल्यासारखे. अर्थ लागला. मास्तर सांगायचे, त्या अमेरिकनांचे वाडवडील कापूस वेचताना गायचे. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी जवाब. जॅझ तिथून निघाला. म्हणूनच कापसाच्या गावात करमतं, असंही म्हणायचे.

म्हणजे मास्तर सवाल टाकतायत. जवाब मिळाला की सुटतील. आणि जवाब कोण देणार? पेटी कोणाकडे आहे?

३ ऑक्टोबर, सर्वपित्री

माझ्या बायकोनं, कौशल्यानं, मास्तरांसाठीही पान वाढलं. मी म्हटलं, ते ख्रिस्ती, त्यांना चालतं का? ती म्हणाली, उपाशी मानसाले जात इचारता काय? कावळा माझ्या वडलांच्या पानाला शिवला. मास्तरांच्या पानाकडे बघून उडून गेला. संध्याकाळी ट्रंपेट नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजलं. त्या आवाजात इतकं एकटेपण होतं की मला माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला तेल मापून देता येईना. कौशल्या म्हणाली, मास्तरले जेवन नाई पायजे, उत्तर पायजे.

हे मी आधीच ताडलं होतं.

८ ऑक्टोबर

संकल्प. रोज पहाटे ट्रंपेटची प्रॅक्टिस. क्लॅरिनेट इतकी वर्षं वाजवतोय, ट्रंपेट त्याचंच धाकटं भावंड. पान-तंबाखू बंद, कारण ओठ साफ हवेत. पंधरा दिवसांत जवाब तयार.

९ ऑक्टोबर

पहाटे धुकं होतं. धुक्यात पितळ गारठतं. प्रॅक्टिस केली नाही.

१० ऑक्टोबर

प्रॅक्टिस केली. शेजारच्या रेणुकाबाई धावत आल्या. त्यांना वाटलं आमची म्हैस अडली. गावाला नव्या संगीताची सवय नसते. मन खट्टू झालं म्हणून एक पान खाल्लं. एकच.

१४ ऑक्टोबर, दसरा

वाद्यांची पूजा नेहमीप्रमाणे माझ्या घरी. बँडची सगळी मंडळी आली. ट्रंपेट पाटावर ठेवलं. ढोलवाला फकिरा त्याला कुंकू लावेना. म्हणाला, उद्धवराव, आमी मास्तरले भेत नाई, पन ते रोज काऊन बलावून राह्यले ते समजत नाई. गाडीवाले सांजचे जिनिंगपाशी थांबून नाई राह्यले. लग्नवाले म्हनतात, भुताचा बँड नको. एक तारखेपर्यंत शांत नाई झालं त मी धर्माबादच्या बँडमधी चाललो.

एक नोव्हेंबरपासून राज्यांची नवी वाटणी, धर्माबाद मुंबई राज्यात आणि आम्ही आंध्रात. ढोल एका राज्यात आणि क्लॅरिनेट दुसऱ्यात, असा बँड जगात कुठं चालतो? फकिरा गेला की बाकीचेही जाणार. सगळ्यांसमोर शब्द दिला, एक तारखेला संध्याकाळी मी मास्तरांना मोकळं करतो.

मंडळी प्रसाद घेऊन लगेच उठली. भारावली असणार.

१९ ऑक्टोबर

मोठी युक्ती सुचली. मास्तर वाजवत असताना त्यांचा तुकडा ऐकून सारेगममध्ये उतरवायचा. आमच्या घराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहितोय. बँडमधली सगळी गाणी आम्ही अशीच पाठ करतो, एक सूर इकडचा तिकडे होत नाही. मास्तर जिवंत होते तेव्हा यावरून चिडायचे. म्हणायचे, मी म्हणतो तेच परत काय म्हणतोस, तुझं काहीतरी म्हण. थोर माणसं विनयानं असं बोलतात.

२३ ऑक्टोबर

दार भरलं. कौशल्यानं सारवण करताना अर्धं पुसलं. मुद्दाम नाही, असं म्हणते. परत लिहिलं. खोलीच्या खिडकीशी उभा राहून ऐकत होतो तेव्हा आतून कोणीतरी श्वास घेतला, वाजवण्याआधी घेतात तसा. घरी कसा आलो आठवत नाही. अंधार होत आला होता म्हणून घाई केली, एवढंच.

२९ ऑक्टोबर

तुकडा पाठ. मधे दोन जागी हवा निसटते, ती जुन्या ट्रंपेटमुळे. पान दिवसाला चारच.

१ नोव्हेंबर, गुरुवार

काल नांदेड जिल्ह्यात झोपलो, आज आदिलाबाद जिल्ह्यात उठलो. सकाळी कचेरीसमोर झेंडा, भाषणं, आम्ही वाजवलं. नवे साहेब तेलुगूत बोलले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. कौशल्याचं माहेर आता परराज्यात. ती चुलीपाशी रडत होती. आज माझा मोठा दिवस, म्हणून मी जास्त विचारलं नाही.

संध्याकाळी जिनिंगमागे निम्मं गाव जमलं. मास्तरांनी सवाल टाकला. थांबले. मी ट्रंपेट लावलं आणि तोच तुकडा वाजवला, सूर न् सूर, जसाच्या तसा. आतून काही आलं नाही. वाट पाहिली. तरी काही नाही. लोकांनी हात जोडले, आमच्या बँडमधल्या चंपतरावांनी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. फकिरा मात्र खाली बघत होता.

मास्तर सुटले! या जिल्ह्यातला पहिला जॅझवाला म्हणून आता माझंच नाव लागणार.

येताना कौशल्याला विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, कोनी इचारलं जेवला का, त आपन बी जेवला का म्हनाव काय? बायकांना जॅझ कळत नाही. पण झोप लागेना.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फकिरा सकाळच्या मोटारीनं धर्माबादला गेला. ढोल घेऊन. निरोप ठेवला, मास्तर गप झाले ते रागावून झाले, मोकळे होऊन नाई. त्याच्यामागं दुपारी अजून दोघं गेले. चंपतराव म्हणाले, दिवाळी होऊ द्या, बघू.

पूजा झाली. पणत्या लावत होतो आणि जिनिंगकडून आवाज आला. तो तुकडा नव्हता. एकच सूर, लांब, सरळ. थांबला. परत तोच सूर, तितकाच लांब, मुद्दाम सावकाश. हा धडा मास्तर फक्त त्यांना द्यायचे, ज्यांना ट्रंपेट हातात धरायचंही अजून माहीत नसतं. मी म्हटलं, कोणतं तरी नवं पोरगं शिकायला येत असेल. कौशल्यानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. म्हणाली, जा ना, तुमालेच बलावून राह्यले.

ट्रंपेट घेऊन गेलो. बंद दारासमोर उभा राहिलो आणि तो एक सूर धरायला लागलो. धरता आला नाही. मास्तर थांबले आणि त्यांनी परत तोच दिला.