डोक्यावरून जाणारा उपग्रह

दादा,

बाबांनी आपलं कधी ऐकूनच घेतलं नाही, ही आपल्या दोघांचीही तक्रार. त्यापायीच तू घर सोडलंस.

काल त्यांना मी काम करते ते उपग्रहांशी संपर्क ठेवणारं केंद्र दाखवलं. उपग्रह थेट डोक्यावरून गेला आणि संपर्क तुटला. मी म्हणाले, "इतक्या जवळून गेला की अँटेनाला त्याच्यामागे तितक्या झटकन वळणं जमत नाही. मग तिला पलीकडे फिरवायचं आणि ऐकत थांबायचं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस, गधडे?" बाबा म्हणाले. आज तुझा फोन येईल म्हणून फोन समोर घेऊन बसलेत. "मी त्याच्या मागे लागणार नाही. ऐकणार आहे," म्हणतात.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू माझ्या भिडेखातर फोन करायला नको. दादा, स्वतःहून बाबांना फोन कर!

तुझी,
भांडकुदळ धाकटी