मला सोडा, म्हणाले मी

प्रिय धाकट्या,

समोरासमोर असलो की तू ट्रॅफिकचं काढतोस नि मी हवेचं, म्हणून लिहितेय. तुझ्या बायकोने शिवायला टाकलेला ड्रेस तसाच पडलाय, तिला सांग. मशीनवर बसवतच नाही. गंमत बघ, जन्मभर एका मशीनने पोसलं, आता दुसऱ्याने धरून ठेवलंय.

डायलिसिसच्या सिस्टर गोड आहेत. गेल्या गेल्या काट्यावर उभं करतात, किती पाणी साठवून आणलंत म्हणून दटावतात. मग हातात सुया आणि छताकडे बघत पडायचं. शेजारच्या पलंगावरचे मास्तर त्यांच्या मशीनला बायकोची सवत म्हणायचे. मी पोट धरून हसायचे. मास्तर गेल्या महिन्यात वारले. त्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या पलंगावर दुसरं कुणी आलं. मला रडू आलं नाही रे, नुसता हेवा वाटला. घाबरशील, पण पुढे वाच.

मध्ये एकदा पायांत गोळे आले, तोंडाला कोरड पडली, जीव नकोसा झाला. सिस्टरना म्हटलं, मला सोडा आता. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ताई, पाणी मोजून प्यायचं आणि तुम्हाला सोडा हवा? सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, काय करणार. तेव्हापासून मी आत शिरले की, आज सोडा की सरबत, अशी माझी थट्टा चालते.

मी प्यायला मागत नव्हते. सुया काढा असंही म्हणत नव्हते. कायमचं सोडा म्हणत होते, आणि ते कुणालाच कळलं नाही. अजूनही मनात तेच आहे. जेवण मातीसारखं लागतं, नातीचा फोन आला तरी उचलवत नाही. डॉक्टर रिपोर्ट बघतात, पोटॅशियम छान आहे म्हणतात. कशा आहात विचारलं की माझ्या तोंडून बरी आहे एवढंच निघतं.

यातून काही निघेल असं मला वाटत नाही, तेव्हा धीर देत बसू नकोस. एकच कर. हे पत्र हॉस्पिटलपाशी उतरताना गाडीत माझ्या सीटवर ठेवेन. तू नेहमी मला दारात सोडतोस नि पार्किंग नाही म्हणून निघून जातोस. पुढच्या खेपेला सोडू नकोस. गाडी कुठेही लाव, आत ये, आणि मी बरी आहे म्हणाले की डॉक्टरांना सांग, ही खोटं बोलतेय.

तुझीच,
ताई