आलेखातली खरखर

मंगळवार, ५ मार्च

डोकं नुसतं भणभणलंय. माझं! ह्यांच्या डोक्याचं काय ते आता मशीनच सांगणार.

टोपीवाल्या बाई सकाळी नऊच्या ठोक्याला हजर. (लोकांना टोपी घालणारे वेगळे. ह्या खरीखुरी घालतात.) रबराची घट्ट टोपी, आत एकवीस बटणं, प्रत्येकाखाली थंडगार चिकट जेल. मानेमागे काड्यापेटीएवढी डबी. डबीतून बिनतारी सिग्नल टेबलावरच्या टॅबलेटकडे जातो आणि तिथे ह्यांच्या मेंदूच्या रेघा पळत राहतात. शिवाय स्टँडवर कॅमेरा, तो आवाजासकट सगळं टिपतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. सहा दिवस.

हे शहाण्यासारखे बसून राहिले. बाई टोपी ओढायला लागल्या तर म्हणाले, "जरा सैलच शिवा." शिंपी वाटल्या असणार! बाई हसल्या. मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर गेल्या आठवड्यात आडपडदा न ठेवता बोलले. ह्यांचं मधेच हरवणं, माणसं न ओळखणं, ह्याला दोन कारणं असू शकतात. आतल्या आत, बाहेर न दिसणारे झटके येत असतील, तर गोळ्या आहेत. माणूस बराचसा परत मिळतो. झटके नसतील, तर मग तो विसरण्याचा आजार. त्याला परतीची वाट नाही. "रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ हवं," म्हणाले.

झटके निघू देत रे देवा. कुठली बायको नवऱ्यासाठी असलं काही मागते? मी मागतेय.

बुधवार, ६ मार्च

काही विशेष नाही. टोपीखाली खाजतं म्हणून हे दिवसभर कातावलेले. मला दोनदा "सिस्टर" म्हणाले.

गुरुवार, ७ मार्च

टोपीवाल्या बाईंचा फोन! दोन्ही दिवस दुपारी दोन ते तीन आलेखात मोठमोठ्या उसळ्या आहेत. बाकी दिवसभर रेघा शांत.

"झटके असू शकतात काकू. पण सिग्नलमध्ये दुसरं काही घुसलं तरी असंच दिसतं. घरातलं एकेक उपकरण बंद करून बघाल का?"

बघाल का, म्हणे! अहो, बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात मी दुसरं काय केलं? लोकांच्या लाइनीतली खरखर शोधत जिने चढले. हेडफोन लावून लावून कानांची वाट लागली ती त्यातच.

दोन ते तीन ही आमची गप्पांची वेळ. जेवणं आटोपली की मी खुर्ची ओढून समोर बसते. माझ्या कानाच्या मशीनचा तो बारका माइक ह्यांच्या कॉलरला अडकवते — हल्ली हे नुसतं पुटपुटतात, माइकशिवाय मला ओ की ठो कळत नाही — आणि जुन्या गोष्टी उकरून काढते. म्हणजे माझ्याशी बोलतानाच आत काहीतरी उसळतं! काही का असेना, माझ्यामुळे.

लेकीला लगेच फोन. ती म्हणाली, "आई, एवढ्यात हुरळून जाऊ नकोस. मी त्या संस्थेला सांगून ठेवलंय, पंधरा तारखेपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत ते." बापाला ठेवायची जागा. तिचंही चुकत नाही. गेल्या महिन्यात हे दोनदा रस्ता चुकले, एकदा गॅस चालू ठेवला. पण गोळ्यांनी बरं होणार असेल तर कशाला कुणाची जागा हवी?

शुक्रवार, ८ मार्च

आज शिकार.

दोन वाजता माइक लावून गप्पा सुरू केल्या आणि मधेमधे उठून एकेक बंद करत गेले. आमचा राउटर बंद. उसळ्या तशाच. मायक्रोवेव्हचा प्लग काढला. तशाच. बिनतारी बेल उचकटून तिचा सेल काढला. ह्यांची मोटरवाली गादी बंद केली. दोन्ही मोबाइल पार जिन्यात नेऊन ठेवले. तशाच!

मग वरच्या वकिलांकडे गेले. "तासभर वायफाय बंद ठेवता का?"

"वहिनी, कायद्याने बघायला गेलं तर मला असं कुणी—"

"कायदा ठेवा खुंटीला. ह्यांच्या डोक्याचा प्रश्न आहे."

बिचाऱ्यांनी निमूट बंद केलं. वर विचारलं, "बरे आहेत ना ते?" मान हलवून खाली आले.

परत समोर बसले. माइक लावला, टॅबलेटवर डोळा ठेवला. "तुमच्या पहिल्या शाळेत छप्पर गळायचं, आठवतं?" रेघा ताडकन उसळल्या! खिडकीबाहेरची तार, लिफ्ट, सगळं तपासून झालंय. बाहेरचं काही उरलंच नाही. म्हणजे जे आहे ते आतलं. झटकेच!

आज शिरा केला. दोन वाट्या खाल्ल्या मी. मधुमेह गेला खड्ड्यात.

रविवार, १० मार्च

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

आज दुपारी बोलता बोलता माझा माइक मेला. चार्ज संपला होता. ह्यांचे ओठ हलतायत, मला ऐकू येईना, म्हणून चडफडत टॅबलेटकडे बघितलं — तर रेघा शांत. एकदम शांत. ओठ हलतायत आणि रेघा शांत.

कळलं तेव्हाच. तरी उठले, अर्धा तास माइक चार्जिंगला लावला, परत कॉलरला अडकवला. उसळी. काढला. शांत. लावला. उसळी. सहा वेळा केलं. सातव्यांदा ह्यांनी माझा हात धरला, "किती वेळा बटण लावताय?" म्हणाले.

तो माइकही बिनतारीच की गं बये! त्याचा सिग्नल माझ्या कानाकडे जातो, आणि तो ह्यांच्या मानेपाशी, त्या डबीपासून चार बोटांवर. मी समोर बसले की चालू, उठले की बंद. म्हणून दोन ते तीन.

खात्यात पहिला धडा हाच होता: खरखर शोधायला गेलात की आधी स्वतःचं टेस्टर लाइनीवरून काढा. नव्या लोकांना मीच ओरडून शिकवायचे! आणि आख्खं घर बंद केलं, वकिलांना कामाला लावलं, आणि स्वतःच्या कानातलं काही सुचलं नाही. ते मला यंत्र वाटतच नाही ना. माझा कानच तो.

झटके नाहीतच बहुतेक.

नाही सांगितलं तर? डॉक्टर झटके समजून गोळ्या देतील. लेक थांबेल. तीन महिने, सहा महिने तरी हे इथेच राहतील. कोणाला कळणार आहे?

सोमवार, ११ मार्च

रात्रभर ती नको असलेली औषधं ह्यांच्या पोटात जाताना दिसत होती. सकाळी सांगून टाकलं.

टोपीवाल्या बाई म्हणाल्या, "काकू, बरं झालं सांगितलंत. उद्या आणखी एक दिवस करू. माइक नको, आणि कानांतली मशीनंही काढूनच ठेवा, उगाच शंका नको. बाकी सगळं नेहमीसारखं."

मनात अजून एक वेडी आशा आहे. खऱ्या झटक्यावर माझी खरखर चढली असेल तर?

मंगळवार, १२ मार्च

माइक आणि कानांतली मशीनं कपाटात. आठ तास मी ठार बहिरी. घरात असून नसल्यासारखं वाटत होतं.

दोन वाजता सवयीने ह्यांच्या खोलीत बसले. पण ऐकू येणार नाही तर गप्पा कसल्या मारणार? आणि टॅबलेटकडे बघायची हिंमत नव्हती. म्हणून खिडकीकडे तोंड करून दोन किलो मटार सोलले. मधे एकदा मागे वळले तर हे काहीतरी पुटपुटत होते. हो हो म्हणून मान हलवली.

पाच वाजता बघितलं. रेघा दिवसभर शांत, एकही उसळी नाही. इतकं स्वच्छ काम मी खात्यातही कधी केलं नव्हतं.

बुधवार, १३ मार्च

डॉक्टरांचा फोन. झटके नाहीत. दुसरंच आहे ते. "वाईट वाटतं सांगायला," म्हणाले. चांगला माणूस आहे.

फोन ठेवून ह्यांच्या खोलीत गेले. चहा पुढे केला. माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, आपण कोण?"

आजच विचारायचं होतं! माझा तोल गेला. "एकेचाळीस वर्षं तुमच्याशी संसार केला ती!" म्हणून ओरडले. कप आपटला. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझा आवाज किती चढतो ते मलाच कळत नाही. हे पलंगाच्या कोपऱ्यात सरकले. दोन्ही हात कानांवर. लहान मूल मार चुकवतं तसे.

मी असं कधी केलं नव्हतं. कधीच नाही.

लेकीला कळवलं, घे ती जागा. माझ्यापाशी नकोत हे. मीच घाबरवते त्यांना.

शुक्रवार, १५ मार्च

टोपीवाल्या बाई सामान न्यायला आल्या. दारातच म्हणाल्या, "काकू, मंगळवारचा आवाज तुम्ही ऐकलात का? कोणी ऐकलाच नव्हता. डॉक्टर फक्त रेघा बघतात."

टॅबलेट माझ्यासमोर धरून, आवाज पूर्ण चढवून मला ऐकवलं. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ह्यांचा आवाज. हळू, पण आख्खी, नीट वाक्यं. नावाने हाक मारली मला! आणि म्हणाले, "आत्ता सगळं आठवतंय, तोवर सांगून ठेवतो. एखाद्या दिवशी मी तुला ओळखणार नाही. त्या दिवशी माझ्यावर ओरडू नकोस हं. मला भीती वाटते. एवढं करशील? ऐकतेस ना?"

चित्रात माझी पाठ. मटार सोलतेय.

परत, "ऐकतेस ना?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मागे वळले. हसून, हो हो म्हणून मान हलवली.

"मग झालं तर," म्हणाले आणि उशीला टेकून निवांत डोळे मिटले.