एक्केचाळीस डेसिबल

नागपूर,
ता. ४ जानेवारी २०२५

ती. खुशालभाऊस,
रेणूचा सा. न. वि. वि.

आमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं, पण परवा तू बोलत असताना मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि सासूबाईंच्या हातातली सुपारी खाली पडली. असल्या गोंगाटात त्या मला धाडणार नाहीत म्हणे. इथे सगळे चांगलेच वागतात रे, पण मला भीती वाटते ती आईलाच सांगता येते. मला आईजवळच यायचं आहे.

तुझ्या त्या आवाज मोजण्याच्या अर्जाचं काय झालं? राईस मिलचे ट्रक बाहेरच्या रस्त्याने वळले तर सासूबाई काही बोलू शकणार नाहीत. हालचाल कर, नाहीतर मामा म्हणवून घेऊ नकोस.

रागावले तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
रेणू

बेलटोला, बिरसी विमानतळाजवळ,
ता. १७ जानेवारी २०२५

चि. सौ. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

काल प्रदूषण मंडळाचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. मर्यादा पंचावन्न डेसिबलची. ती ओलांडली की ट्रक वळवायची शिफारस होणार होती. आपल्या ओसरीवर ऐंशीच्या खाली कधी उतरत नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. साहेबांना गोंदियाहून मोटरसायकलवर घेऊन आलो, तर गावात चिटपाखरू नाही.

तपासणी म्हटल्यावर सरपंच केशोरावांनी शाळातपासणीसारखी तयारी केली होती. साहेब तपासाले येऊन राहिले अन् आपण गोंगाट काऊन करावा, गावाची इज्जत आहे का नाही, असं त्यांचं म्हणणं. राईस मिल बंद. ट्रक नाल्यापलीकडे अडवून ड्रायव्हरांना चहा-पोहे. कोंबड्यांवर टोपल्या. ओमेशची वरात निघाली, पण बँडवाले नुसते गाल फुगवत होते. सावित्रीबाई आणि नंदाबाईंनी नळावरचं भांडण हातवारे करून पार पाडलं. धुक्यामुळे शिकाऊ विमानं उडाली नाहीत, त्याचंही श्रेय केशोरावांनीच घेतलं.

मी मुद्दाम खोकून पाहिलं, तर दोघांनी मला धरून आत नेऊन बसवलं.

यंत्रात एक्केचाळीस आले. अशी शांतता नागझिऱ्याच्या जंगलातही मिळाली नाही म्हणत साहेबांनी गावाला ‘शांत गाव’ असा दाखला दिला आणि माझा अर्ज निकाली काढला. केशोराव मला म्हणाले, पास झालो ना बे, मंग रडून कायले राहिला. साहेबांची पाठ वळताच अडवलेले सगळे ट्रक एकदम सुटले. आई कालपासून नीट जेवली नाही. दाखल्याची प्रत सोबत आहे. मला माफ कर.

नालायक असलो तरी भाऊच मान.
तुझा,
खुशाल

नागपूर,
ता. २४ जानेवारी २०२५

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

रडणं थांबव. लिफाफा उघडताना दाखला खाली पडला आणि सासूबाईंनी उचलला. शिक्का पाहिला, एक्केचाळीस वाचलं आणि कागद देव्हाऱ्यात ठेवला. मला धाडायला त्या तयार आहेत. पण एवढी शांतता आहे तर बारशापर्यंत त्याही तिथेच राहणार आहेत. दोन बॅगा भरून झाल्या.

केशोरावांना हात जोडून सांग, आता एकही कोंबडी झाकू नका, एकही ट्रक अडवू नका. आम्ही शुक्रवारी, एकतीस तारखेला संध्याकाळी पोचतो. शनिवारी उजाडताच मला आठवा लागतो, आणि आठव्यात गर्भारणीने प्रवास करायचा नाही हा सासूबाईंचाच नियम. त्यापायी त्यांनी माझ्या जावेला सख्ख्या भावाच्या लग्नालाही जाऊ दिलं नव्हतं.

आईला म्हणावं, पोटभर जेव. आणि तू शनिवारचं नागपूरचं परतीचं तिकीट काढून ठेव, एकच.

वहिनीला नमस्कार, तुझ्यावर लोभ आहे, आज जरा जास्तच.
तुझी,
रेणू